कंट्रोल ग्रुपमधली वीस झाडं

आमच्या मोसंबीच्या बागेत २२० झाडं होती. २०२४च्या एप्रिलमध्ये त्यातल्या दोनशे झाडांखालची जमीन मी उसाच्या पाचटानं झाकली आणि वीस झाडं मुद्दाम उघडी ठेवली. त्या वीस झाडांच्या फांद्यांना लाल फिती बांधल्या. अण्णांनी विचारलं, "ह्यांना कामून सोडलं?" मी म्हणालो, "तुलना करायला. सगळीच झाकली तर फरक पडला हे कसं कळणार?" अण्णा काही बोलले नाहीत. त्यांचं काही न बोलणं म्हणजे होकार, असं मी तेव्हा समजायचो.

आमचं गाव जालना जिल्ह्यात. जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा ऑफिसातल्या मित्रांनी मला शुभेच्छा दिल्या होत्या. पण त्या वेळी आमच्याकडे मोसंबीचं एकही झाड नव्हतं. असलेली तीनशे झाडं तीन वर्षांपूर्वीच गेली होती.

२०१३चा उन्हाळा. मी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालो होतो. २०१२चा पाऊस आमच्या भागात जवळपास आलाच नाही. जानेवारीत विहिरीचा तळ दिसला आणि मार्चमध्ये बोअरमधून नुसती हवा यायला लागली. अण्णांनी आधी टँकर लावले, मग उसनवारी केली, मग टँकरही मिळेना. मोसंबीचं झाड मरताना लगेच कळत नाही. आधी पानं दुमडतात, मग गळतात, मग शेंडे वाळत खाली येतात. फांदी मोडून पाहिली की कळतं. आत हिरवी साल असेल तर आशा असते. त्या मे महिन्यात मी आणि अण्णा रोज संध्याकाळी फांद्या मोडून पाहत हिंडायचो. जूनमध्ये जेसीबी आणला आणि चौदा वर्षांची बाग एका दिवसात उपटली. लाकूड जळणाला गेलं. आजी म्हणाली की बहात्तरच्या दुष्काळात सुकडी खाऊन दिवस काढले, पण झाडं उपटायची वेळ नव्हती आली. तेव्हा झाडंच नव्हती.

नवी बाग अण्णांनी २०१८ साली लावली. दोन एकर, रंगपूर लिंबाच्या खुंटावरची कलमं. तोपर्यंत मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोचलो होतो आणि पुढच्या वर्षी नोकरीसाठी पुण्यात आलो. बाग वाढत होती, मी फोनवर फोटो बघत होतो.

मग २०२३चा ऑगस्ट आला. देशात १९०१पासून नोंदी आहेत, त्यातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट. फेब्रुवारीत फोन केला तर अण्णा म्हणाले, "विहीर तासाभरात उपसती." एवढंच. मार्चमध्ये मी घरून काम करायची परवानगी काढली आणि गावी आलो. अण्णांनी तोवर आंबिया बहाराची वाटाण्याएवढी फळं तोडून टाकली होती. दुष्काळात हेच करतात. फळं गेली तरी चालतील, झाड राहिलं पाहिजे.

*

मी करतो ते काम थोडक्यात सांगायचं तर सिस्टीममध्ये वेळ आणि मेमरी कुठे वाया जाते ते शोधायचं. त्यामुळे पहिल्या रात्री मी पाण्याचाही तसाच हिशेब मांडला. आम्ही एक दिवसाआड झाडाला ८० लिटर देत होतो, म्हणजे दिवसाला सरासरी ४०. त्याला २२०नं गुणलं की रोजचे ८,८०० लिटर. १० हजार लिटरचा टँकर रोज जवळपास रिकामा. विहिरीतून यातलं निम्मंही येत नव्हतं.

या ४० लिटरचं होतं काय? काही पाणी मुळं उचलतात आणि पानांवाटे हवेत सोडतात. तो झाडाचा श्वास, त्याला हात लावता येत नाही. उरलेलं पाणी झाडाला न भेटताच जमिनीवरून उडून जातं. एक चौरस मीटर जागेवरून एक मिलिमीटर पाणी उडालं तर ते बरोबर एक लिटर भरतं. ड्रिपरखाली झाडामागे साधारण चार चौरस मीटर जमीन ओली होत होती. आमच्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला १० मिलिमीटर किंवा जास्तच बाष्पीभवन होतं. झाडाची थोडी सावली धरून मी ओल्या जमिनीसाठी त्याच्या निम्मं धरलं, ५ मिलिमीटर. चार गुणिले पाच, वीस लिटर. म्हणजे चाळीसपैकी वीस लिटर आम्ही सूर्याला पाजत होतो.

ओली जमीन सुकते ती दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात पृष्ठभाग ओला असतो आणि खालचं पाणी केशनलिकांतून वर येत राहतं, त्यामुळे ऊन जेवढं मागेल तेवढं पाणी उडतं. मग वरचा थर कोरडा पडतो, खालून वर यायची वाट तुटते आणि वेग एकदम कमी होतो. म्हणजे कोरडा थर हे जमिनीनं स्वतःच घेतलेलं पांघरूण असतं. आम्ही मात्र एक दिवसाआड ठिबक चालवून ते पांघरूण काढून टाकत होतो. त्यात आमची जमीन काळी, सुकली की भेगाळणारी. भेग म्हणजे हातभर खोलवरची ओलसुद्धा उडून जायला उघडलेली खिडकी.

हे सगळं मी अण्णांना मोठ्या उत्साहानं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एक कोळपणी, अर्धं पाणी."

ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि तिचा अर्थ तण काढण्यापुरता समजत होतो. खरं तर तीत हेच सगळं आहे. कोळपं फिरलं की वरची दोन बोटं माती भुसभुशीत होते, भेगा बुजतात, केशनलिका तुटतात. मातीचंच आच्छादन. माझा अर्ध्या रात्रीचा हिशेब आमच्याकडे चार शब्दांत पाठ होता. अडचण एवढीच की ठिबकनं माती पुन्हा भिजली की ते आच्छादन मोडतं, आणि मोसंबीची बारीक मुळं वरच्याच थरात असल्यामुळे झाडाखाली सारखं वखरलं तर तीच तुटतात.

"मग वरून दुसरं काहीतरी टाकू," मी म्हणालो.

"काय टाकतो?"

*

मल्चिंगच्या व्हिडिओंमध्ये हा प्रश्न कधी येत नाही. तिथे शेजारी पेंढ्यांचा ढीग तयारच असतो. दुष्काळी भागात मात्र वाळलेली प्रत्येक काडी कुणाच्या तरी नावावर असते. कडबा जनावरांचा. सोयाबीनचं भुस्कटही दुष्काळात जनावरांचंच. तुराट्या आणि पऱ्हाट्या चुलीच्या. मी कडब्याचं नाव काढलं तेव्हा अण्णा पहिल्यांदा चिडले. "जित्राबाच्या तोंडचा घास मातीवर टाकायचा का?" जिथे आच्छादनाची सर्वांत जास्त गरज, तिथेच ते करायला सर्वांत कमी सामान. कोरडवाहू शेतीचं हे मूळ कोडं आहे, आणि ते मला गोठ्यासमोर उभं राहिल्यावर कळलं.

प्लॅस्टिकचा विचार केला. एका वर्षी अण्णांनी टरबुजाला चंदेरी-काळा मल्चिंग पेपर घातला होता. पीक छान आलं. पेपर काढताना फाटला आणि त्याचे तुकडे अजूनही नांगराला येतात. "ते कुजत नाही, मरत नाही," अण्णा म्हणाले. विषय संपला.

उरलं उसाचं पाचट. आमच्यापासून दहा-बारा किलोमीटरवर कालव्याच्या बाजूला ऊस आहे. तोडणी झाली की एकरी तीन-चार टन पाचट शेतात पडून राहतं आणि बरेच जण ते पेटवून देतात. आम्ही एकाला गाठलं. तो म्हणाला, घेऊन जा, माझी काडेपेटी वाचली. भाडं आणि मजुरी आमची. सहा ट्रॉल्या झाल्या. पाचट इतकं फुसफुशीत असतं की ट्रॉली माळवदाएवढी उंच भरली तरी वजन टनभरसुद्धा भरत नाही. ज्या पिकावर मराठवाड्याचं पाणी पिण्याचा आरोप होतो, त्याच्याच पाचटाखाली आमची मोसंबी वाचणार होती. याची गंमत वाटून घ्यायला त्या दिवशी वेळ नव्हता. पाचटाची धार ब्लेडसारखी असते. आम्ही फुल बाह्यांचे शर्ट घालून, तोंडाला फडकी बांधून चार दिवस ते पसरत होतो. ठिबकच्या नळ्या खाली आणि त्यावर वीतभर थर. अण्णांनी टनामागे ८ किलो युरिया आणि १० किलो सुपर फॉस्फेट टाकायचं ठरवलं, कारण पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र कमी. ते कुजवताना जिवाणू जमिनीतला नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. पण ते खत पहिल्या पावसानंतर टाकायचं. कोरड्यात जिवाणूही काम करत नाहीत.

गावात बोलणी झाली. आमच्याकडे चांगली बाग म्हणजे खाली एक काडी नसलेली, अंगणासारखी झाडलेली बाग. चुलते येऊन म्हणाले, "पोरानं मोसंबीत उकिरडा केला की." दुसरी भीती खरी होती, आगीची. उन्हाळ्यात लोक धुरे पेटवतात. एक ठिणगी आली असती तर झाडं, नळ्या, सगळंच गेलं असतं. अण्णांनी बागेच्या चारी बाजूंनी दहा फुटांचा पट्टा वखरून काळा केला आणि तीस वर्षांची बिडी बागेच्या बाहेर ठेवून आत यायला लागले.

*

आता मोजायचं होतं. मी पुण्याहून मातीतला ओलावा मोजणारे चार स्वस्त सेन्सर आणले होते. पहिल्या आठवड्यात त्यांनी शहाणपणानं आकडे दिले. मग माती जराशी आकसली, सेन्सर आणि मातीच्या मध्ये केसाएवढी फट पडली आणि आकडे कोसळले. सेन्सर मातीऐवजी हवा मोजत होता. काळ्या मातीत हे होणारच, हे मला नंतर सुचलं. शेवटी अण्णांची पद्धत वापरली. खुरप्यानं वीतभर खोल उकरायचं, मूठभर माती दाबायची. लाडू झाला आणि टिकला तर ओल आहे. दाबल्यावर फुटला तर पाणी द्या. पाचटाखाली तिसऱ्या दिवशीही लाडू होत होता. उघड्या वीस झाडांखाली दुसऱ्याच दिवशी फुटत होता.

घरात कोरोनातली कपाळाचा ताप मोजायची बंदूक पडून होती. एका दुपारी ती उघड्या मातीवर धरली. तिनं आकडा दाखवायचं नाकारलं. तिच्या मते ४३ अंशांपुढे माणूस नसतो. पाचट बाजूला करून खालच्या मातीवर धरली तर ३४. आईनं ते पाहिलं आणि पुढचे दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बागेत नेऊन मातीचा ताप दाखवला. चुलत्यांनाही.

लाडवाच्या भरवशावर आम्ही एक दिवसाआडचं पाणी दोन दिवसांआड केलं. दिवसाचे ४० लिटर साधारण २७वर आले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं १९९८ साली पिकांच्या पाण्यावर ५६ क्रमांकाची पुस्तिका काढली. जगभरातले पाण्याचे हिशेब तिच्यावर चालतात. तीत एक ठोकताळा आहे : काडीकचऱ्यानं जमिनीचा दर १० टक्के भाग झाकला की मातीवरून उडणारं पाणी सुमारे ५ टक्क्यांनी कमी होतं. म्हणजे पूर्ण झाकलं तर निम्मं. माझ्या वीस लिटरमधले दहा. आम्ही तेरा वाचवत होतो, पण माझे वीसही अंदाजाचेच होते. महत्त्वाचं हे की बचत होते ती फक्त मातीवरून उडणाऱ्या पाण्यात. पानांमधून जाणारं पाणी पाचटानं कमी होत नाही. त्यामुळे 'मल्चिंग करा, ७० टक्के पाणी वाचवा' असं रीलमध्ये ऐकलं की मला आता विचारावंसं वाटतं : कशाच्या ७० टक्के?

आणि पाचट दर वेळी आपल्याच बाजूनं असतं असंही नाही. मेच्या पहिल्या आठवड्यात वळवाचा एक सडाका आला. शेजारच्या रानाचा वास घमघमला. आम्ही पळत बागेत गेलो, पाचट उचललं, खाली माती कोरडी ठणठणीत. सगळा पाऊस पाचटानंच पिऊन टाकला होता. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिले.

*

आता त्या वीस झाडांबद्दल.

बागेला व्हॉल्व एकच. पाणी दोन दिवसांआड केलं ते सगळ्यांनाच. दोनशे झाडांना ते पुरत होतं, कारण त्यांच्या अंगावर पांघरूण होतं. वीस झाडांना पांघरूण नव्हतं आणि पाणीही कापलेलं. मेच्या मध्याला त्यांची पानं दुमडायला लागली. मी रोज सकाळी स्टँडअप मीटिंगच्या आधी जाऊन त्यांचे फोटो काढायचो आणि शीटमध्ये भरायचो. खरं सांगायचं तर मला आनंद होत होता. फरक स्पष्ट दिसत होता. दोन फोटो शेजारी ठेवले की कुणालाही पटलं असतं. मी ते ऑफिसच्या ग्रुपवर टाकलेही. 'अरे, हे तर परफेक्ट ए/बी टेस्टिंग,' असं एकानं लिहिलं.

त्या संध्याकाळी अण्णा एका लाल फितीच्या झाडापाशी उभे दिसले. त्यांनी एक शेंडा मोडला आणि नखानं साल खरवडून पाहत होते. अकरा वर्षांनी मी त्यांना ते करताना पाहत होतो.

"हिरवी आहे," मी म्हणालो.

"आज आहे."

"अजून दोन आठवडे, अण्णा. मग झाकू. नाहीतर आकडे अर्धे राहतील."

"ज्याला चादर नाही, त्याला भाकरी पण कमी?" ते म्हणाले. "आणि कशासाठी? मला तर पटलंय. मग तू कुणाला पटवू राहिला?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर मी वाद घातला असता. कंट्रोल ग्रुपशिवाय पुरावा नाही, हे वाक्य माझ्याजवळ तयार होतं आणि ते चूकही नाही. पण सर्व्हरवरच्या टेस्टमध्ये दुसऱ्या गटाच्या वाट्याला येऊन येऊन वेगळ्या रंगाचं बटण येतं. इथे त्या गटाच्या वाट्याला २०१३ आलं होतं, आणि २०१३ काय होतं हे त्या रानात उभ्या असलेल्या दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढायला गेलो तर वीसच्या वीस झाडं झाकलेली. पाचटानं नव्हे. पाचट संपलं होतं. त्यांच्याखाली चघळ होतं, गव्हाणीत जनावरांनी कडबा खाऊन उरवलेली चघळलेली धांडं. अण्णा महिनाभर ते उकिरड्यावर न टाकता पोत्यांत भरून ठेवत होते. म्हणजे मी लाल फिती बांधत होतो, त्याच्या आसपासच कधीतरी त्यांनी ठरवलं असणार. ज्या माणसानं मला कडब्याला हात लावू दिला नव्हता, त्यानं जनावराच्या तोंडून पडलेली काडी न् काडी माझ्या प्रयोगासाठी जमवली. नाही, प्रयोगाविरुद्ध जमवली.

फिती मात्र त्यांनी सोडल्या नव्हत्या. मी सोडल्या.

*

२०२४चा पाऊस चांगला झाला. २२०च्या २२० झाडं जूनपर्यंत पोचली. गोष्ट इथेच संपवली असती तर मला बरं वाटलं असतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. मी पुण्यात होतो. महिनाभरानं अण्णांनी व्हिडिओ कॉल केला आणि एका खोडाजवळ फोन धरला. सालीतून मधासारखा डिंक ओघळत होता. डिंक्या. ओलाव्यात वाढणारी बुरशी, जी खोडाची साल कुजवते. पाचट पसरताना मी ते अगदी खोडाला भिडवून, नीट दाबून लावलं होतं. फोटोत छान दिसायचं. उन्हाळ्यात त्यानं ओल धरली ती हवी होती, पावसाळ्यात धरली ती नको होती. काम तेच, फक्त ऋतू बदलला. सात झाडांना लागण झाली. अण्णांनी साल खरवडून बोर्डो पेस्ट लावली. पाच वाचली, दोन गेली.

दुष्काळानं एकही झाड नेलं नाही. दोन नेली ती मी.

अण्णांनी झाकलेल्या वीसपैकी एकालाही डिंक्या झाला नव्हता. त्यांनी चघळ टाकताना प्रत्येक खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडली होती. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं तर तेव्हाच का नाही सांगितलं?" ते म्हणाले, "माहीत नव्हतं. खोडाला गच्च लावायला मन झालं नाही." दोनशेत सात आणि विसात शून्य यावरून संख्याशास्त्र काहीही सिद्ध करू देत नाही. विसात एखादं झाड निघालं असतं किंवा नसतं, इतकाच त्याचा अर्थ. मी हे त्यांना सांगितलं नाही.

यंदा पुन्हा पाचट आणलं. जुनं पाचट वर्षभरात बसून बोटभर उरलं होतं आणि खालची माती उकरली की गांडुळं निघत होती. नवं टाकायला मी दोन दिवस रजा काढून गेलो. वाटेत कालव्याकडच्या रानांत चार-पाच ठिकाणी धूर दिसला, पाचट पेटवलेला. गेल्या वर्षी उकिरडा म्हणणाऱ्या चुलत्यांनी या वर्षी दोन ट्रॉल्या आमच्या आधी बोलून ठेवल्या होत्या, त्यामुळे आम्हाला चारच मिळाल्या. कमी पडलं तिथे चघळ टाकलं.

एक झाड झाकून झालं की अण्णा मागून येत आणि खोडाभोवतीचं पाचट हातानं मागे सारत. दहाव्या झाडापासून मी ते आधीच सारून ठेवायला लागलो. त्यानंतरही ते प्रत्येक झाडापाशी वाकून बघतच होते.